चुलीवर राहिलेलं दूध

बंगळुरूहून परत आलं की पुण्यात विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. हवा कशी होती, ट्रॅफिकमध्ये किती अडकलात आणि आमच्या मुलाचं ऑफिस दिसलं का. हवा छान होती, ट्रॅफिकमध्ये पोटभर अडकले आणि कुणाच्याही मुलाचं ऑफिस पाहिलं नाही. मी गेले होते एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवायला. हे सांगितलं की समोरचा विचारतो, "कुठल्या कार्यक्रमात?" कार्यक्रम वगैरे काही नव्हता. बसवनगुडीतल्या एका घराच्या मधल्या खोलीत नव्वदीला टेकलेल्या एक बाई वाट बघत होत्या. फार वर्षं बघत होत्या, आणि आता त्यांना आणखी थांबता येईल असं दिसत नव्हतं.

या बाई म्हणजे तुळसाक्का. माझे वडील बंगळुरूला एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते आणि माझं सगळं लहानपण अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, भाडेकरू म्हणून गेलं. अक्कांचं घराणं मराठीच, पण शिवकाळात कुणा सरदाराच्या लवाजम्याबरोबर इकडे आलेलं आणि इथंच मुरलेलं. घरात मराठी बोलायचे, शाळा मात्र सगळ्यांची कानडी. अक्का स्वतः मुलींच्या शाळेत शिकवायच्या. जवळच्या वाचनालयातल्या कानडी कादंबऱ्या त्यांनी केव्हाच संपवल्या होत्या. देवनागरी अक्षरं त्यांना लागायची, पण कादंबरीच्या वेगानं नाही. "मी अक्षरं लावत बसते, तोवर आतली माणसं निघून जातात," असं म्हणायच्या.

म्हणून माझी आई वाचायची आणि अक्का ऐकायच्या. दर गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, अक्कांच्या मधल्या खोलीत. ऐकताना अक्कांच्या हाताला काही ना काही काम असायचंच. थंडीत अवरेकाई, म्हणजे आपल्या पावट्याची बहीण. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. दाणा टुणकन उडून ताटात पडायचा. आईचं पुस्तकावर लक्ष असायचं आणि माझं अक्कांच्या हातांवर. गोष्ट खरी चालली असेल तर त्यांचे हात आपोआप चालत राहायचे. कुठे लेखकानं फसवाफसवी केली की हात थांबायचे. चिमटीत दाणा तसाच, आणि अक्का म्हणायच्या, "सुमती, हे स्वल्प पुन्हा वाच." स्वल्प म्हणजे त्यांच्या कानडीतलं 'जरा'. पुन्हा वाचल्यावर आईलाही कळायचं की लेखक इथं घसरला आहे. पुढं मी कथा-कादंबऱ्या लिहायला लागले. मोठमोठ्या लोकांची परीक्षणं वाट्याला आली, पण त्या हातांइतकं कुणाला मी घाबरले नाही.

त्या घरात आणखी एक रीत होती. अक्कांच्या सासऱ्यांच्या काळात तिथं पोथी वाचली जायची. अध्याय संपला तरी लगेच पोथी बांधायची नाही. पुढच्या अध्यायाची पहिली ओवी वाचायची आणि मगच बांधायची. नाहीतर पोथीला वाटतं की आता आपलं काम संपलं. अक्कांनी हाच नियम कादंबरीलाही लावला होता. त्यामुळं प्रत्येक गुरुवार पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यावर संपायचा, आणि ते एक वाक्य आम्ही तिघी आठवडाभर चघळायचो. जिन्यात भेटलं की अक्का विचारायच्या, "काय गे मीना, तुला काय वाटतं, तो पत्र उघडेल का?" मी परकर-पोलक्यातली मुलगी, पण माझं मत त्या नीट ऐकून घ्यायच्या.

शेवटची कादंबरी आईनं रद्दीवाल्याकडून आणली होती. तिला पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची पानंही नव्हती. त्यामुळं नाव नाही आणि लेखकाचाही पत्ता नाही. यमुना नावाच्या एका बाईची गोष्ट. नवरा दूर कुठेतरी नोकरीला आणि बिनबोलता दुरावलेला. घरात सासू, जी हाती लागलेल्या पहिल्या पानापासून यमुनेला घालून पाडून बोलते आहे. यमुनेला दुसऱ्या गावी शाळेत नोकरी मिळते. शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस तिची ट्रंक भरून तयार आहे आणि सासू तापानं अंथरुणावर पडली आहे. इथपर्यंत आम्ही आलो आणि वडिलांची बदली झाली. त्या गुरुवारी बाहेर ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि आत मधल्या खोलीत आई वाचत होती. प्रकरण संपलं. रीतीप्रमाणं तिनं शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि अक्कांना म्हणाली, "येऊ ना आम्ही सुट्टीत. तेव्हा वाचू."

त्या सुट्टीचं काय झालं ते ज्यांनी गावं बदलली आहेत त्यांना सांगायला नको. वडिलांचं आजारपण, माझं कॉलेज, लग्न, सगळं एकापाठोपाठ आलं. दिवाळीला दोघींचा फोन व्हायचा आणि दर वेळी आई म्हणायची, "आले की वाचू." ते पुस्तक तिनं एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून कपाटात ठेवलं होतं. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. "अक्कांशिवाय नाही," एवढंच म्हणायची. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर मला एक ओळही लिहिता आली नाही. टेबलाशी बसायचे, कागद समोर असायचा आणि कुणासाठी लिहायचं ते कळायचं नाही.

जानेवारीत अक्कांच्या मुलाचा, राघण्णाचा फोन आला. "मीना, अम्मा पडली होती. आता बरी आहे, पण स्वल्प स्वल्प कमी होत चालली आहे. एकाच कानानं ऐकू येतं. रोज विचारते, यमुनेचं काय झालं म्हणून. मी म्हटलं फोनवर वाचून घेऊ, तर म्हणते, पुस्तक घरात यायला पाहिजे."

मी साडीच्या तुकड्यासकट ती पुडी पिशवीत घातली आणि तिकीट काढलं.

के. आर. पुरम

उतरले भाचीकडे. सई तिकडे के. आर. पुरमला राहते, एकविसाव्या मजल्यावर. खिडकीतून खाली पाहिलं की रेल्वेचे रूळ आणि मेट्रोचा पूल दिसतो, आणि माणसं तीळ सांडावेत तशी. आमच्या वेळी हे गाव शहराच्या पार बाहेर होतं. होसकोटेच्या बसमध्ये बसलं की वाटेत लागायचं, आणि तिथून पुढं ताडाची झाडं आणि नाचणीची शेतं. आता होसकोट्यापर्यंत गोदामं आहेत, असं सई म्हणाली.

सई गुणाची पोर. रोज ऑफिसला जाता-येता गोष्टी ऐकते, कानात ते इअरफोनचं बोंडुक घालून. "मावशी, मी दीडपट स्पीडवर ऐकते. महिन्यात चार-पाच नॉव्हेल्स होतात."

"दीडपट म्हणजे काय?"

तिनं ते बोंडुक माझ्या कानात घातलं. एक बाई घाईघाईनं रडत होती. पुढच्याच वाक्यात तिचं लग्नही झालं. मी बोंडुक काढून परत दिलं.

"तुझं ते यमुनावालं पुस्तक ॲपवर नसेल का?" सईनं विचारलं. "नाव सांग ना, मी सर्च करते."

"नावच माहीत नाही गं."

"म्हणजे? नाव माहीत नसताना तुम्ही इतकी वर्षं त्या बुकसाठी थांबलात?" तिला हसू येत होतं, पण नंतर तिनं आपणहून विचारलं, "आणि तू कधी एंडिंग बघितलंच नाहीस? चोरून पण नाही?"

नव्हतं बघितलं. आई होती तोवर तिच्या धाकानं, आणि ती गेल्यावर त्या गाठीला हात लावायचं धैर्य झालं नाही म्हणून. ट्रेनमध्येही पुडी मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या आजोबांना वाटलं डबा आहे. सोलापूर येईपर्यंत त्यांची नजर त्या पुडीवरून हलली नाही.

बसवनगुडी, बुधवार

मेट्रोत बसून मॅजेस्टिक, तिथं गाडी बदलून पुढं. पाताळासारख्या त्या स्टेशनात मी दोनदा एकाच जिन्यानं चढले-उतरले. शेवटी एका मुलीनं दंडाला धरून बरोबर फलाटावर नेऊन उभं केलं. वर आल्यावर रिक्षावाल्याला माझ्या गंजलेल्या कानडीत पत्ता सांगितला. त्यानं मान वळवून पाहिलं आणि हिंदीत उत्तर दिलं. माझी कानडी कुठल्या लायकीची उरली आहे ते मला कळलं.

पण बसवनगुडी ओळखीची निघाली. रस्त्यावर पानं पडलेली होती. फुलवाल्या बाया अजून मोगरा हातानं मोजून देत होत्या, आणि कोपऱ्यावरून फिल्टर कॉफीचा वास आला तेव्हा माझं मन एकदम भरून आलं. पुण्यात आपण चहाला बोलावतो आणि पाहुण्याला बसवून ठेवतो. इथं लोक उभ्या उभ्या कॉफी पितात आणि कामाला लागतात. लहानपणी वडील मला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात न्यायचे आणि माझ्या वाटीत कॉफीचा फेस घालायचे. ते दुकान गेलं होतं. त्या जागी मोबाईलचं दुकान होतं, आणि वास शेजारच्या हॉटेलातून येत होता.

घर तेच. वरच्या मजल्यावर आता राघण्णाची मुलं येऊन-जाऊन असतात. राघण्णा बँकेतून निवृत्त झाला आहे आणि त्याच्या वडिलांसारखाच दारात उभा राहून लोकांना वाट सांगत होता. मला बघून म्हणाला, "ये, ये. ती सकाळपासून नवी साडी नेसून बसली आहे."

अक्का लहान झाल्या होत्या. खुर्चीत उशी ठेवून बसवल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, चांगल्या कानाच्या बाजूला वळवला आणि म्हणाल्या, "स्वल्प जाड झालीस गे. बरं झालं. आवाज सुमतीचा आहे का बघू, बोल काहीतरी."

"काय बोलू, अक्का?"

"अय्यो," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "तिचाच आहे."

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. मग राघण्णाच्या बायकोनं अवऱ्यांची आमटी आणि तांदळाची रोटी वाढली. त्या आमटीचा उग्र, कच्चा वास पुण्यात कशालाच येत नाही. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली.

जेवणानंतर मी पुडी काढली. अक्कांनी साडीच्या तुकड्यावरून हात फिरवला. "ही तिची नागपंचमीची. उद्या गुरुवार आहे. उद्याच वाचू. इतकी वर्षं थांबले, एका दिवसानं काय होतंय." आणि मग मान जराशी मागं टाकून, पाठ म्हणावं तसं म्हणाल्या, "'यमुनेनं ट्रंक उचलली, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि तिला आठवलं, की दूध चुलीवर तसंच राहिलं आहे.'"

मी विसरले होते ते वाक्य. ट्रक, सामान, मैत्रिणींचा निरोप या सगळ्यात ते माझ्या हातून निसटलं होतं, आणि अक्कांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"काय झालं असेल गे तिचं?" अक्कांनी विचारलं. जिन्यात विचारायच्या तसंच.

पुन्हा के. आर. पुरम

संध्याकाळी सईच्या घरी मी पुस्तकाची गाठ सोडली. उद्या अडखळायला नको म्हणून. आईची पद्धतच होती, आदल्या दिवशी प्रकरण एकदा स्वतःशी वाचून ठेवायची. रडायच्या जागा आधी माहीत असल्या की आवाज फुटत नाही, म्हणायची.

खुणेला एक मोरपीस होतं. ते काढलं. शेवटून दुसरं प्रकरण संपत होतं. मी पान उलटलं, आणि पुढं काहीच नव्हतं. शिवणीचा दोरा लोंबत होता, बस्स. शेवटचं प्रकरण त्या पुस्तकात नव्हतंच. वाळवीनं खाल्लं म्हणावं तर कागदाचा भुगाही नाही. रद्दीवाल्याकडून आलं तेव्हाच ते तसं असणार.

मी ते मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. आई आदल्या दिवशी वाचून ठेवायची. म्हणजे तिला माहीत होतं. त्या गुरुवारी, बाहेर ट्रक उभा असताना, तिच्या हातात संपलेलं पुस्तक होतं आणि समोर अक्का पुढच्या पहिल्या वाक्यासाठी थांबल्या होत्या. तिनं पान उलटल्यासारखं केलं आणि वाक्य म्हटलं. दूध, चूल, उंबरा सगळं तिचं. घरखर्चाच्या हिशेबापलीकडे जिनं आयुष्यात काही लिहिलं नाही, त्या माझ्या आईनं अख्ख्या जन्मात एकच ओळ रचली, आणि ती एका बाईला नव्वदीपर्यंत पुरली.

सईला सांगितलं. तिनं पुस्तक हातात घेऊन लोंबता दोरा पाहिला. मग म्हणाली, "आता आजींना काय सांगणार? नाहीये म्हणून?"

अक्कांच्या त्या नव्या साडीची आठवण झाली. "नाही," मी म्हटलं. "मी लिहीन."

गुरुवार

सकाळी बसवनगुडीत एका हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. वर्षभर एक ओळ न लिहिलेली बाई मी. पण ही गोष्ट निराळी होती. पात्रं तयार, पहिलं वाक्य तयार, आणि पोटापाण्यासाठी खोटं बोलायचा मला चांगला सराव. नेमक्या आकाराचे पिवळट कागद सईनं रात्रीत प्रिंटरमधून काढून दिले होते. मी लिहीत गेले. यमुनेला ट्रंकेवर बसवलं. आत सासू कण्हते आहे, बाहेर टांगा उभा आहे. यमुना विचार करते. लहानपण आठवते, आई आठवते. तोवर दूध उतू जातं, चूल विझते, आणि त्या जळक्या वासात तिला कळतं की या घरात आपण आपलं सगळं आयुष्य असंच उतू जाऊ दिलं. ती उठते आणि निघते. मला स्वतःलाच ते फार आवडलं. वेटरनं डोसा ठेवताना कॉफी सांडली ती नेमकी कागदांवर. मी ओरडणार होते, पण मग पाहिलं, तर पानं छान जुनाट दिसायला लागली होती. वेटर सॉरी म्हणत राहिला आणि मी त्याचे आभार मानत राहिले.

दुपारी मधली खोली. अक्कांसमोर ताट, ताटात भिजवलेल्या अवऱ्या. बोटं आता वाकडी झाली आहेत, पण चिमटी अजून तयार. राघण्णा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, लहानपणी राहायचा तसाच.

मी आईच्या जागेवर बसले. चांगल्या कानाच्या बाजूला. पुस्तक उघडलं, आत घातलेले कागद धरले आणि वाचायला लागले. "यमुनेनं ट्रंक उचलली, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि तिला आठवलं, की दूध चुलीवर तसंच राहिलं आहे."

दाणे उडत होते. टप, टप. अक्कांच्या ओठांवर हसू होतं. मग यमुना ट्रंकेवर बसली. आणि हात थांबले.

मी वाचत राहिले. लहानपण आलं, आई आली, माझं ते आवडतं दूध उतू गेलं. चिमटीत दाणा तसाच. शेवट वाचून मी थांबले.

"मीना," अक्का म्हणाल्या, "हे स्वल्प पुन्हा वाच."

"कुठून, अक्का?"

"ती ट्रंकेवर बसते तिथून."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मलाच ऐकू आलं. मी कागद खाली ठेवले.

"पहिलं वाक्य तिचं आहे," अक्का म्हणाल्या. "पुढचं नाही. दूध चुलीवर असताना बसून विचार करणारी बाई नव्हे गे ती. आधी दूध उतरवणार. झाकण ठेवणार. मग काय तो विचार. हा लेखक इतकी प्रकरणं बरोबर चालला आणि शेवटी असा कसा घसरला?"

राघण्णा म्हणाला, "अम्मा, एवढ्या लांबून आली ती."

"तर काय झालं? सुमती तर दर गुरुवारी वरून यायची."

मग मी सगळं सांगितलं. पुस्तकात शेवट नाही, कधीच नव्हता, हे कागद माझे आहेत. आणि मग, कारण थांबवत नव्हतं, तेही सांगितलं की दुधाचं वाक्यही पुस्तकात नाही. ते आईचं आहे.

अक्कांनी हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी शेवटचं पान चाचपलं, लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळला आणि सोडला. मला वाटलं, आता त्या रडतील, आणि मग मी काय करू. पण त्या हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं ते मला सांगता येणार नाही.

"चोर," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर बघून वाचलंन. तिला ठाऊक होतं, परत यायला जमणार नाही. रिकाम्या हातानं जायचं नव्हतं तिला." मग थोड्या वेळानं, "सरी, ठीक. म्हणजे पुढची गोष्ट माझी मला करायला सोडली होतीन. मी केली की."

"काय केलीत, अक्का?"

"दरवेळी निराळी. राघूचे वडील होते तोवर ती दूध उतरवायला आत जायची आणि मग राहूनच जायची. सासू बरी होईपर्यंत, मग आणखी काही होईपर्यंत. ते गेले तेव्हा मी तिला जाऊ दिलं. दूध गेलं तर जाऊ दे म्हटलं. रागात होते मी. सून आली घरात, तेव्हा सासूची बाजू पण मला दिसायला लागली," असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. "आता पडले तेव्हापासून मला पक्कं कळलंय. ट्रंक उंबऱ्याबाहेरच ठेवते ती. आत आणत नाही. आत येते, दूध उतरवते, वाटीभर निववून सासूला देते, आणि सांगते, 'बाकीचं झाकून ठेवलंय. मी निघते.' सासू काही बोलत नाही. ती जाते. अष्टे. बास."

त्या बोलत असताना माझी नजर ताटाकडं गेली. त्यांचे हात पुन्हा चालू झाले होते. टप, टप.

मी इतकी वर्षं लिहिते आहे, पण कथेला शेवट कसा येतो ते मला त्या खोलीत कळलं. तो वाचणाऱ्याच्या घरात तयार होत असतो, आणि आपण नुसती ट्रंक उचलून द्यायची असते. आईला ते न लिहिता कळलं होतं, याचा मला थोडा हेवाही वाटला.

कॉफी आली. मी पुस्तक साडीच्या तुकड्यात घालायला लागले, तसा अक्कांनी माझा हात धरला.

"असं बांधायचं नाही."

"संपली ना गोष्ट, अक्का?"

"प्रकरण संपलं. पुढचं पहिलं वाक्य कुठाय?"

राघण्णा हसला. मी म्हटलं, "पुढं काही नाही, अक्का. खरंच नाही."

"सुमतीकडं तरी कुठं होतं?"

मी हातातल्या पुस्तकाकडं बघत बसले. वर्षभर टेबलाशी बसायचे तशीच. अक्कांनी घाई केली नाही. त्यांचं तोंड माझ्याकडं होतं, चांगला कान पुढं. मला समोर यमुना दिसत नव्हती, ती तर निघून गेली होती. दिसत होती ती वाटी हातात धरलेली म्हातारी, घरात एकटीच. आणि मी ऐकलं, माझ्याच आवाजात, म्हणजे आईच्या आवाजात, "यमुना गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा चहा स्वतः करायला घेतला."

अक्कांचा हात क्षणभर थांबला. मग दाणा उडाला.

"अय्यो, म्हातारी!" अक्का म्हणाल्या. "मग?"

"मग पुढच्या गुरुवारी."

"तुझं तिकीट उद्याचं आहे ना?"

"आहे."

"फोन कर," त्या म्हणाल्या. "ते पुस्तक होतं, घरात यायला पाहिजे होतं. हे तुझं आहे, फोनवर चालेल. आणि लवकर लवकर लिही. माझ्याकडं स्वल्पच आहे."

परत

पुण्यात आल्यापासून मी रोज टेबलाशी बसते. कुणासाठी लिहायचं, हा प्रश्न आता पडत नाही. गुरुवारी दुपारी फोन लावते. राघण्णा तो अक्कांच्या चांगल्या कानाशी धरतो आणि मी वाचते. हात दिसत नाहीत, पण ताट अक्कांच्या मांडीवरच असतं, त्यामुळं दाण्यांचा आवाज यायचा. अवऱ्यांचा मोसम संपला तसा आता लसूण सोलायला घेतला आहे, असं कळलं. लसणाचा आवाज येत नाही, म्हणून हल्ली मी मधूनमधून थांबते आणि कान देते.

मागच्या गुरुवारी प्रकरण वाचून झालं, पुढचं पहिलं वाक्यही म्हणून झालं, तरी पलीकडून काहीच आलं नाही. मी घाबरून "अक्का? अक्का?" करत राहिले. राघण्णाचाही आवाज नाही. मग एकदम अक्काच बोलल्या, अगदी कानाशी.

"विचार करत होते गे. म्हातारीनं चहाला आधण ठेवलं खरं, पण त्या घरात साखरेचा डबा कुठं असतो ते यमुनेनं तिला सांगितलं होतं का? ते आधी लिही."